रवा, दारू आणि वर गेलेलं बोट

आमच्या साउथहॅम्प्टनच्या शूटिंग क्लबात सगळ्यात जुनं, सगळ्यात स्वस्त रिव्हॉल्व्हर एका म्हाताऱ्याचं, आणि माजही त्याचाच सगळ्यात जास्त. इथे काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरला परवानगी मिळत नाही. म्हणून त्याच्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रातल्या प्रत्येक घरात हाताने बंदुकीची दारू भरायची, वर रवा आणि मग शिशाची छोटी गोळी. होय, रवाच, मधली पोकळी भरायला. मी एकदा इंडियन दुकानातला बारीक रवा नेला, तर चिमटीत चोळून म्हणाला, “टू फाइन. हा तू खा.”

भरताना कुणी तोंड उघडलं, की त्याचं डावं बोट वर जातं. क्लबचा सेक्रेटरीसुद्धा गप्प होतो.

परवाच्या बुधवारी दारू आणि रवा भरून झाला होता, गोळ्या बसवायच्या होत्या. तेवढ्यात त्याची बायको फोन घेऊन आत आली. “माझा स्कॅन क्लिअर आहे!” बोट अर्धवट वर गेलं आणि खाली आलं. त्याने तिला घट्ट मिठी मारली. मग वळून सगळी घरं कागदावर उपडी केली.

“अरे, सगळ्या घरांत भरलं होतंस की!” मी म्हटलं.

“भरलं असेल. आता मी शपथेवर सांगू शकत नाही,” तो म्हणाला आणि त्याने हसत रिव्हॉल्व्हर पेटीत ठेवलं.

मी भूलतज्ज्ञ. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये मी सिरिंज भरत असताना सर्जन सुट्टीच्या गप्पा मारू लागला. माझं डावं बोट वर गेलं.