आईंची टाकी

१४ नोव्हेंबर १९८७. सकाळी परसात शेण कालवत होते. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, जामसंड्याला लेकीकडे गेल्या होत्या. निघताना त्यांनी बजावलं होतं, "गॅसाच्या टाकयेक उपाशी ठेवू नको गो." बादली अर्धी झाली आणि नणंदेचे यजमान दारात. आई पहाटे झोपेतच गेल्या होत्या...

आता महिना झाला. लोक त्यांच्या मायेबद्दल बोलतात. मला आधी आठवतो तो त्यांनी धरलेला अबोला. मिठबावच्या आमच्या घराचा संडास चढावर, विहीर खाली. पावसात खड्डा तुंबला की पाण्याला वास यायचा. धाकटी लेक दुसऱ्यांदा काविळीतून उठली तेव्हा मी हट्टाने परसात गोबरगॅसची टाकी बांधून संडासाचा पाइप तिला जोडून घेतला. बंद टाकीत हवेवाचून घाण आपली आपण कुजते. मोटर नको, वीज नको, वर जाळायला गॅस मिळतो. आई कडाडल्या, "देवाचो नैवेद्य त्या घाणीर शिजूचो नाय! फोडून टाक ती." घर त्यांच्या नावावर. मी म्हटलं, "एक पावसाळा विहीर बघा, मग फोडा."

तो पावसाळाभर त्या वेगळी चूल मांडून ओल्या लाकडांशी झगडत, खोकत राहिल्या. माझ्याशी शब्द नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी विहिरीवर गेल्या, ओंजळीतलं पाणी हुंगलं, प्यायल्या. आत येऊन म्हणाल्या, "काडयेची पेटी खंय आसा?" मोदक गॅसवर उकडले.

त्यानंतर टाकी त्यांची झाली. मला तिथे फिरकू देत नसत. बाहेर पडलेली मळी माडांना घालत. गॅस मंद असला की पाहुण्यांना ओसरीवरूनच संडासाकडे बोट दाखवून सांगत, "आधी जावन येवा, मगे चाय!" मुंबईचे व्याही लाजून पार लाल...

त्या गेल्या त्या दिवशी घरात काही शिजलं नाही. शेजारून पेज आली. गॅस साठून टाकीचं लोखंडी झाकण वर तरंगलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ओसरीवर बसले होते. नणंद हळूच म्हणाली, "वहिनी, थोडी चाय...?"

"आधी जावन ये," मी म्हटलं.

ती रडता रडता फिसकन हसली. मी परसात गेले, शेण कालवून टाकीत ओतलं, हात धुतले आणि सगळ्यांचा चहा ठेवला.