हैदराबादचं स्थळ

गोंदिया जिल्ह्यात, केशोरीच्या भागात पोरगी द्यायची म्हणजे आधी चार माणसं जाऊन घर पाहून येतात. विहिरीला पाणी आहे का, भात पोटभर शिजतो का, सासू तोंडाळ तर नाही, सगळं आपल्या डोळ्यांनी पाहायचं. होकार मात्र तिथल्या तिथे द्यायचा नाही. "घरी जाऊन कळवतो" म्हणायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. लगेच हो म्हटलं तर पोरगी घरात जड झाली असं लोक समजतात. हा रिवाज तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. पण तो विद्यापीठाला लावणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे देवाजी!

२००८ सालची गोष्ट. देवाजीची धाकटी रचना अर्जुनीच्या कॉलेजातून बी.ए. झाली आणि इतिहासात एम.ए. करायचंच म्हणून हट्टाला पेटली. तिने नागपूरला अर्ज केला, हैदराबादला प्रवेश परीक्षा दिली, आणि पठ्ठीचा दोन्हीकडे नंबर लागला. घरात नुसता जल्लोष! आई कलाबाईने अख्ख्या मोहल्ल्यात साखर वाटली. कुणी विचारलं, इतिहास शिकून काय करणार, तर ती ठणकावून सांगे, "काहीबी करन, तुले काय कराचं हाय?"

मग प्रश्न आला, जायचं कुठे? नागपूरला मावशी होती, सकाळी निघालं की दुपारी घरी. हैदराबाद म्हणजे परमुलूख. पण रचनाचा जीव अडकला होता तो हैदराबादेतच. तिथे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकून इतिहास कसा लिहायचा, ते शिकवत होते. शाळेत असताना तिने गुरुजींना विचारलं होतं, गावचा तलाव मालगुजार जमीनदाराने बांधला म्हणता, तर माती कोणी वाहिली? गुरुजी म्हणाले, "मजुरांनी," आणि पान उलटलं. रचनाच्या मनातलं ते पान काही अजून उलटलं नव्हतं. हैदराबाद हातचं गेलं तर ते तसंच राहील, अशी तिला धास्ती होती.

देवाजीने शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "पोरगी देऊन राहिलो, तं घर पाहूनच देईन. दोन्ही घरं पाहीन."

झालं! देवाजी, त्याची थोरली बहीण सुशिलाबाई आणि मेहुणा उदाराम अशी पाहणी समिती ठरली. घर पाहायला जाताना पोरीला कुणी सोबत नेत नाही, पण पाट्या वाचायला कुणीतरी हवंच ना, म्हणून रचनालाही घेतलं. नागपूर पाहून झालं. सगळं ठीक होतं, फक्त होस्टेलात दोन्ही वेळ पोळ्या, हे सुशिलाबाईच्या घशाखाली उतरेना. "पोळ्या खाऊन खाऊन पोरगी वाळून जाईन माही," ती येताना बसमध्ये म्हणत राहिली.

हैदराबादला प्रवेश घ्यायची शेवटची तारीख होती तीस जून. रचनाने दहादा सांगितलं. पण उदाराममामाचे धानाचे पऱ्हे, म्हणजे भाताच्या रोपांचे वाफे, टाकायचे राहिले होते, आणि मामाशिवाय निघणार कसं? "तारखेचं काय वं, मागंपुढं होतेच," देवाजी म्हणाला. लग्नाच्या तारखा ठरवून ठरवून माणसाला अशी सवय लागते. शेवटी अर्जुनीहून बल्लारशा, तिथून पुढची गाडी, असं करत मंडळी पोचली ती बरोबर तीस तारखेला. विद्यापीठातले ते मोठमोठे खडक, झाडं आणि पुस्तकं छातीशी धरून चाललेल्या पोरी पाहिल्या आणि रचनाचा आनंद गगनात मावेना.

सुशिलाबाई थेट मेसमध्ये शिरली. गोंदियाची हिंदी तिथे चांगली कामी आली. "भैया, चावल मिलते का दोनों टाइम?"

"चावलच मिलता अम्मा," आचारी म्हणाला. "रोटी मांगना पडता."

"माय वं! हे तं आपल्यातलेच लोक निंगाले!" आत्याचं मत तिथेच पडलं. उदाराममामा ग्रंथालयातून धावत आला. बाबासाहेबांच्या पुस्तकांचं एक कपाट नव्हतं गा, भिंत भरून होती! त्याचंही मत पडलं. राहिला देवाजी.

विभागप्रमुख मॅडमनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या. पोरींच्या होस्टेलला पहारा आहे का, बिमार पडली तर कोण पाहतं, मास्तर लोक रागीट तर नाहीत, देवाजीने एकेक विचारलं. मॅडमनी न हसता उत्तरं दिली आणि मग रचनाकडे वळून विचारलं, तुला काय शोधायचंय? रचनाने तलावाची गोष्ट सांगितली.

देवाजी वळून पाहतच राहिला. "आपल्या तलावाची?"

"हो बाबा. आपल्या लोकांनी माती वाहिली त्याची."

 त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला. मग उठला, हात जोडले आणि, काय सांगावं, म्हणाला, "अच्छा मॅडम. घर जाके बताते."

रचनाच्या पायाखालची जमीन सरकली. मॅडम म्हणाल्या, आज पाचपर्यंतच प्रवेश आहे, नंतर जागा दुसऱ्याला जाईल. देवाजी घुटमळला. आत्याने त्याला कोपराने ढोसलं. "लगेच हो म्हनू नोको गा, बरं नाही दिसत!"

नागपूर का नको, हैदराबाद का हवं, याची रचनाने गाडीत सगळी जुळवाजुळव केली होती. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ. ती ताडकन उठली.

"मले पसंत हाय," ती म्हणाली.

 आत्याने तोंडावर हात नेला. "अगं बाई! नवरीच बोलली!" मामा खो खो हसत सुटला. देवाजी हसला नाही. तो सरळ प्रवेशाच्या खिडकीकडे चालू लागला.

"पक्का ना?" खिडकीतल्या बाबूने विचारलं. "बाद में वापस होना मुश्किल रहता."

"पक्का," देवाजीने छाती पुढे काढली. "हमारे में लडकी दी तो दी. वापस नहीं..."

आणि तो मध्येच थांबला. बाबूकडे पाठ करून रचनाकडे वळला.

"हे पाह्य, हे काही सासर नाही. नाही जमलं तं कवाबी येजो. कोनी काही म्हनलं तं मी पाहून घेईन. गाडी कवाचीबी असो, मी स्टेशनावर येईन."

इतका वेळ न आलेलं रडू रचनाला आता आलं. नाक पुसत तिने बाबूकडून पेन घेतला.