वजडीची लव

आई वजडी साफ करत होती. बोकडाच्या पोटाची आतली बाजू म्हणजे अगदी टॉवेल, सगळी लवच लव. गरम पाण्यातून काढून ती सुरीनं वरचा काळा थर खरवडत होती. चाऱ्याचा कस शोषून रक्तात सोडणाऱ्या पेशी नेमक्या त्याच थरात असतात, आणि तोच आपण फेकून देतो.

आपल्या आतड्यातही अशीच लव असते, फक्त फार बारीक. माझ्या धाकट्या बहिणीची ती गहू न सोसल्यामुळे झडली, असं डॉक्टरांनी परवाच सांगितलं. म्हणून वर्षभर तिला खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. गहू बंद केला की लव परत येते म्हणे.

मी वजडीवर बोट ठेवून आईला म्हटलं, "ही बघ, अशी असते."

तिची सुरी थांबली. "आणि मी पोरीला रोज दम देऊन एक चपाती जास्त खायला लावली."