पैलवानाचा मांडव

या जगात असा प्रसंगच नाही, ज्याला आमच्या थोरल्या साडूभाऊंनी मांडव घातला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पारनेरचे मांडववाले. लग्न असो, मुंज असो, पुढाऱ्याची सभा असो, शाळेचं गॅदरिंग असो की कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा. यांचा टेम्पो येऊन उभा राहिला की बघता बघता माळावर राजवाडा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तोंड धुवायला बाहेर यावं, तर पुन्हा तोच माळ आणि त्याच शेळ्या. एक खिळा सापडायचा नाही. उभं करण्यापेक्षा उतरवण्याचाच त्यांना जास्त अभिमान. "मांडव घालनारे लई हायेत, पाव्हनं," ते मला ऐकवतात, "सोडनारा पायजे, सोडनारा!" माझे केस पिकले, पोरं कमावती झाली, तरी मी त्यांचा आपला पाव्हनाच.

या सोडण्याच्या वेडापायी त्यांनी जन्मात सुरगाठीशिवाय दुसरी गाठ मारली नाही. एक टोक ओढलं की सर्रकन सुटली पाहिजे. पायजम्याची नाडी, गव्हाचं पोतं, खिडकीचा पडदा, सगळीकडे सुरगाठ. एकदा पाय मुरगळला तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनी बांधलेली पट्टी यांना पसंत पडली नाही. बाहेरच्या बाकावर बसून ती सोडली, आपल्या पद्धतीने बांधली, आणि स्टँडपर्यंत पोहोचेस्तोवर पट्टी पायामागे फरफटत होती. अक्का म्हणजे माझी मेव्हणी. तिने एकदा मला लोणच्याची बरणी फडक्यात चांगली करकचून निरगाठ मारून दिली होती. यांनी ती माझ्या हातून घेतली, दाताने सोडवली, "निरगाठ मारनाऱ्या मानसाचा भरवसा न्हाई" असं काहीबाही पुटपुटत सुरगाठ मारली, आणि नगर येईपर्यंत लोणचं माझ्या पँटवर. मी अजून त्यांना त्या पँटीची आठवण करून देतो. ते अजून म्हणतात, "पन सुटली कशी झकास!"

या माणसाचा हात अडखळलेला मी एकदाच पाहिला. त्यांची एकुलती एक लेक सोनी लग्न होऊन पुणतांब्याला गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी. कामगारांना सुट्टी देऊन हे एकटेच शिडीवर चढले होते आणि एकेक झालर सोडत होते. मी खालून चहाचा कप वर धरला. तो घ्यायचं सोडून म्हणाले, "पाव्हनं, जल्मभर उभं केलं आन् सोडलं. लेकीचा मांडव बी सोडला. एक बी गोष्ट अशी नसंल का, मी घातली आन् ती ऱ्हायली?" वर धरलेला चहा गार होऊन गेला. कप धरून धरून हात भरून आला.

तर ती राहणारी गोष्ट त्यांना शेवटी मिळाली शिर्डीजवळच्या एका लॉन्सवर. कुणा बड्या घरचं रिसेप्शन होतं आणि स्टेजच्या मागे समुद्रातले मासे पोहताना दिसले पाहिजेत, असा नवरीचा हट्ट. साडूभाऊंनी मुंबईहून भाड्याने भली थोरली टाकी मागवली. मासेवाला मासे, खडक, समुद्राचं पाणी, सगळा संसार घेऊन आला. आहेर सुरू झाले, फोटो सुरू झाले, आणि मागून आवाज यायला लागला: टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दर आवाजाला टाकीतला एक मासा कमी. मासेवाल्याने घाम पुसत खडक बाहेर काढला, तर खडकाच्या भोकात एक प्राणी ऐटीत बसलेला. बोटाएवढा, हिरवा-निळा-तांबडा, कोळंबीचं नाकतोड्याशी लग्न लावलं तर होईल तसा. डोळे दोन देठांवर, एक नवरीकडे बघतोय, दुसरा आचाऱ्याकडे. याला मॅन्टिस श्रिम्प म्हणतात. पुढच्या दोन हातांच्या मुठी असतात आणि त्या मुठीने असा ठोसा मारतो की शिंपला फुटतो, खेकडा फुटतो, जमलं तर टाकीची काचही जाते. "खडकातनं लपून येतात साले," मासेवाला म्हणाला. "द्या फेकून."

"का म्हनून?" साडूभाऊ भडकले. "खडक त्याचं घर हाय. तुमी परकी मासळी आनून त्याच्या दारात सोडली, आन् फेकायचं त्याला?" वऱ्हाडी जेवत होते आणि आमचे साडूभाऊ एका कोळंबीच्या घरहक्कासाठी भांडत होते. तिथल्या तिथे बारसंही झालं. नाव पैलवान. खडकासकट त्याला बादलीत घालून, बादली मांडीवर घेऊन ते टेम्पोतून पारनेरला आले. नवरीकडच्यांची खुर्च्यांची मोजणी तशीच राहिली.

आता पारनेरात समुद्र आणायचा कुठून? आमच्याकडे गोड्या पाण्याची मारामार, टँकरचा भोंगा वाजला की बायका हातातली भाकरी तव्यावर टाकून पळतात. पण मांडववाल्याला नाही म्हणायची सवयच नाही. मासेवाल्याला फोनवर फोन करून त्यांनी सगळं विचारून घेतलं. साधी काच नको, जाड अॅक्रेलिकची टाकी हवी. पाणी फिल्टरचं, मीठ पाकिटातलं, समुद्री. लपायला खडक, हवेला पंप, उन्हाळ्यात गारवा. आणि तांब्याचा स्पर्शही नको, तांबं त्याला विष. एवढं ऐकून साडूभाऊंनी बैठकीच्या खोलीत जे काही उभं केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. टाकीच्या चारी कोपऱ्यांना मांडवाचे खांब, वर गुलाबी झालर सुरगाठीने बांधलेली, समोर पायघडी. लग्नाच्या पाण्याच्या पिंपात मीठ ओतून ते आचाऱ्याच्या डावाने ढवळत बसले. मीठ मोजायची काचेची नळी यायला उशीर होता, म्हणून चव घ्यायची ठरलं. पण समुद्राची चव ठाऊक कुणाला? शेजारच्या एक आत्याबाई कोकणच्या सहलीत लाटेने पडून चांगल्या घोटभर पाणी प्यायल्या होत्या. त्यांना पाट मांडून बसवलं. आत्याबाईंनी चूळ भरली, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "अजून अळनी हाय." पुढे नळी आली तेव्हा आत्याबाईंची जीभ जवळजवळ बरोबर निघाली आणि गल्लीत त्यांचा भाव वधारला तो आजवर.

अक्का माळकरी. तिच्या घरात कधी अंडं शिजलं नाही, आणि आता सोनी माहेरी येताना गोदावरीचे खेकडे डब्यात घालून आणायला लागली! अक्का आठ-पंधरा दिवस टाकीकडे पाठ करून जेवली. उन्हाळा लागला तसा मांडवाचा मोठा कूलर टाकीकडे तोंड करून लागला. आम्ही पाहुणे पैलवानाच्या आडोशाने वारा खायचो. "ह्यांनी मला कधी पंखा घातला न्हाई," अक्का मला सांगायची. पण मी एकदा दुपारी अचानक गेलो, तर ही टाकीशी स्टूल टाकून बसलेली आणि पैलवानाला सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. सून शेजारणीची, हिची नव्हे. पैलवान दोन्ही डोळे दोन बाजूंना फिरवून ऐकत होता. मला बघून म्हणाली, "बगा की, मधी बोलत न्हाई कुनाच्या."

मग तो वाईट आठवडा आला. पैलवानाने खाणं सोडलं. खडकाच्या दाराशी एकेक खडा आणून लावला आणि दार बंद करून घेतलं. साडूभाऊ कामावर जाईनात. आणि एका सकाळी खडकाबाहेर पैलवान पडलेला दिसला. डोळे, मुठी, शेपटी, सगळं जागच्या जागी, पण पांढुरका, हलतबिलत नाही. साडूभाऊंनी त्याला तळहातावर घेतलं. मी पोहोचलो तेव्हा ते तसेच बसले होते. मी हात लावून पाहिला आणि म्हणालो, "फारच हलका लागतोय हो." ते म्हणाले, "उपाशी हुता ना." अक्का दाराआड उभी होती. शेवटी रडत रडत म्हणाली, "आदल्या दिवशी टाकीतलं पानी आटल्यालं दिसलं. म्हनलं, लेकराला चांगलं पानी द्यावं. माझ्या तांब्याच्या कळशीतलं घातलं वो!" घरात ज्या कळशीतलं पाणी देवाला आणि मोठ्या पाहुण्यांना, त्या कळशीतलं. साडूभाऊ तिला नुसतं "आसू दे" म्हणाले. तेच तिला जास्त लागलं.

मी म्हटलं, साडूभाऊ, मासेवाल्याला फोन करून विचारू या. "नगं. हसंल तो." मग मी म्हटलं, निदान हे सगळं उतरवू या, डोळ्यांसमोर कशाला? तेव्हा त्यांनी मला त्यांच्या धंद्याची रीत सांगितली. लग्नाचा मांडव दुसऱ्या दिवशी सोडायचा. दुःखाच्या घरी बसायला-उठायला जो मांडव घालतात, तो दहाव्यापर्यंत हलवायचा नाही. "दहाव्याला दुपारी सोडू," ते म्हणाले आणि कामगारांनाही तसं सांगून ठेवलं. तोवर पंप चालू, कूलर चालू, झालर जागेवर. शेजारपाजारचे भेटायला येऊन गेले. आत्याबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि टाकीकडे बघून डोळ्याला पदर लावून गेल्या. मला हसू येत होतं, आणि हसू येतंय याचा रागही येत होता.

दहाव्याला आम्ही दोघे पुणतांब्याला गोदावरीवर गेलो. गुरुजींना सांगायचं धाडस काही कुणाला झालं नाही. सोनी भात घेऊन आली होती. "आबा," तिने हळूच विचारलं, "कोन वारलं म्हनून कुनी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, घरचं हुतं."

भाताचा पिंड ठेवला, शेजारी वाळलेला पैलवान ठेवला. घाटाच्या भिंतीवर कावळा होता, पण जागचा हलेना. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करायचा शब्द देतात. सोनी म्हणाली, त्याच्यासाठी धरून ठेवलेले खेकडे नदीत सोडून देईन. कावळा ढिम्म. साडूभाऊ हात जोडून म्हणाले, "अक्कावर राग धरू नगंस रे. चांगल्या मनानं घातलं तिनं." कावळ्याने मान वाकडी केली, बस्स. मग भातापुढे वाकून म्हणाले, "तुझं घर मी सोडनार न्हाई. ऱ्हाईल. जसंच्या तसं ऱ्हाईल." कावळा टुणकन खाली आला, भाताला चोच लावली आणि जाताना पैलवानालाच उचलून घेऊन गेला! सोनी फस्सकन हसली, साडूभाऊ डोळे पुसता पुसता हसले, आणि हसता हसता एकदम पांढरे पडले. "पाव्हनं! पोरं मांडव सोडायला आली असतील की!"

पोरांचा फोन लागेना, अक्काला लावला तर नुसतं भजन वाजत राहिलं. टेम्पो त्यांनी असा हाणला की राहुरीपर्यंत मी डोळे उघडले नाहीत. त्यांचीच माणसं, त्यांनीच घडवलेली, वेळेला पक्की आणि सोडण्यात तरबेज. घरी पोहोचलो तर कूलर अंगणात, खांब दाराबाहेर रचलेले, झालर घडी करून ठेवलेली, पंपाची वायर गुंडाळलेली. पण टाकी भरलेली होती. टाकीला पाठ लावून, पदर खोचून, दोन्ही हात पसरून अक्का उभी.

"एकाला हात लावू देनार न्हाई," ती म्हणाली. "आवाज आलाय आतनं."

"आक्का, दुःखात भास हुतो मानसाला," थोरला कामगार समजुतीने म्हणाला.

"भास तुला हुईल. गप ऱ्हा!"

सगळ्यांनी टाकीकडे कान लावले. साडूभाऊंनी वायर उलगडून पंप लावला. बुडबुडे निघाले. आणि मग स्वच्छ, ठणठणीत: टक्! दाराचा एक खडा बाहेर पडला. दुसरा पडला. भोकातून दोन देठांवरचे दोन डोळे आले, एक साडूभाऊंकडे, एक अक्काकडे. पूर्वीपेक्षा थोराड आणि नव्या नवरीच्या शालूसारखा झगझगीत. कळशीतलं तांबं त्याला बाधलं नव्हतं; कात टाकून ती दाराबाहेर ढकलली होती त्याने. नवं कवच टणक होईपर्यंत दार पुन्हा लावून आत बसला होता, आणि आम्ही त्याच्या जुन्या अंगरख्याचा दहावा घालून आलो होतो. बांधाबांधावर सापाची कात बघत मोठे झालेलो आम्ही, पण एकाच्याही टाळक्यात आलं नाही. माळकरी अक्काने सोनीच्या मागल्या खेपेच्या डब्यात उरलेला खेकडा चपातीच्या चिमट्यात धरून टाकीत सोडला, माळेला हात लावला आणि तोंड दुसरीकडे करून भरपूर रडून घेतलं.

कामगारांना चहा पाजून साडूभाऊंनी परत पाठवलं. मग एकट्याने खांब आणले, शिडी लावली, आणि झालर बांधायला घेतली. मी खालून कप धरून उभा होतो, त्यामुळे मला नीट दिसलं. त्यांनी दोरीची दोन टोकं ओढली, क्षणभर थांबले, आणि निरगाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली. दाताने ओढून घट्ट केली. मी कप वर केला. या खेपेला त्यांनी चहा गरम असतानाच घेतला.

परवा गेलो होतो. पैलवान आता जरा थकल्यासारखा वाटतो, ठोसा पूर्वीचा राहिला नाही. झालरीचा गुलाबी रंग उडून ती मातकट झाली आहे. अक्का धुवायला काढायची म्हणून कात्री शोधत होती, कारण ती गाठ काही सुटत नाही. साडूभाऊ टाकीशी बसले होते. मान वर न करता म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं. कापू नगं." अक्काने कात्री ठेवून दिली आणि त्यांच्याशेजारी आपलं स्टूल ओढलं.