दादाची उमेदवारी

माझा दादा जन्माचा बहिरा, म्हणून मुकाही. शाळेत त्याला कुणी घेईना, तेव्हा वडिलांनी त्याला आमच्या नाशकातल्याच एका तांबटाकडे उमेदवारीला लावायचं ठरवलं. तांबटकाका भला माणूस, पण त्यांनी अट घातली: याला सांगायला नि याचं समजून घ्यायला कुणीतरी सोबत हवं. ते कुणीतरी म्हणजे मी. दादाच्या खुणा घरात माझ्याइतक्या कुणाला कळत नसत. माझी शाळा नाहीतरी चौथीनंतर सुटलेलीच होती.

रोज डबा घेऊन मी त्याच्याजवळ बसे. हातोड्यांच्या ठणठणाटात तिथे कान असून कुणाला काही ऐकू येत नसे, कारागीर हातांनीच बोलत. भट्टी, पाणी, जाड, पातळ, सगळ्याच्या खुणा ठरलेल्या. त्या मी दादाला समजावल्या आणि दादाच्या खुणा काकांना. माझं नाव घ्यायचं तर दादा वेणी ओढल्यासारखं करी. मग काकाही तसंच करू लागले आणि सगळा कारखाना माझी थट्टा करू लागला.

पुढे माझं लग्न ठरलं, वणीला. दादाचा हात बसेपर्यंत तरी थांबा, असा मी आईपाशी हट्ट धरला. पण मुलीच्या हट्टाला विचारतो कोण? सासरी भाकऱ्या थापताना जिवाला एकच घोर असे. माझ्यावाचून त्याला काढून तर टाकणार नाहीत?

दिवाळसणाला आले ती तडक कारखान्यात गेले. दादा एकटा घागर ठोकत होता, सराईत हाताने. मला पाहताच उठला आणि भराभर हात चालवू लागला. मी हसत होते, पण त्यातलं निम्मं मला कळेना. घरच्या खुणा कारखान्यातल्या खुणांत पार मिसळून गेल्या होत्या. मला भीतीच वाटली. शेवटी मी काकांकडे पाहिलं आणि ते मला दादाचं बोलणं सांगू लागले.

मग दादा शेजारच्या नव्या कारागिराकडे वळला. माझ्याकडे बोट दाखवून त्याने मनगटात बांगड्या चढवल्यासारखं केलं आणि हात दूर फेकला. वेणी काही ओढली नाही.

"हे काय म्हणाला?" मी विचारलं.

काका जरा घुटमळले. "तुझं नाव सांगितलं त्याला. तू गेल्यापासून तो तुला असंच म्हणतो, पोरी. बांगड्या भरून लांब गेलेली."

त्याचं सगळं चांगलं झालं होतं. आणि मला रडू आवरत नव्हतं.