यू-पिनांची साखळी

सर तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर आजारी होते आणि मला वाटलं, ते माझ्यावर रागावलेत. महिन्यापूर्वी शनिवारी सकाळी डोंबिवलीला घरी दाढी करत होतो, तेव्हा ऑफिसचे कारकून म्हात्रे यांचा फोन आला. “सर गेले.” मी फोन ठेवला आणि उरलेली अर्धी दाढी पूर्ण केली. अगदी नीट, कानाखालचीसुद्धा...

नौपाड्यातल्या त्यांच्या ऑफिसात मी सोळा वर्षं ज्युनिअर होतो. फौजदारी वकिली. कट कोणी साक्षीदार बसवून शिजवत नाही, असं सर म्हणायचे. त्यामुळे तो आजूबाजूच्या परिस्थितीवरूनच सिद्ध करावा लागतो, एक गोष्ट दुसरीत अडकवत. सरकारी पक्षाने एक गोष्ट सिद्ध केली की सर टेबलावर एक यू-पिन आधीच्या पिनेत अडकवायचे. जिथे अडकत नाही ती जागा शोधायची आणि सापडली की गप्प बसायचं, हे आमचं काम. त्यातलं दुसरं मला कधीच जमलं नाही.

कोपरच्या एका किल्लीवाल्याची केस आमच्याकडे होती. एका भाच्याने मावशीचं बंद घर डुप्लिकेट किल्लीने उघडून दागिने नेले होते. किल्ली याने बनवलेली, दोघांचे फोन झालेले, म्हणून पोलिसांनी दोघांवर कटाचा आरोप ठेवला. कुलूप कोणाचं हे किल्लीवाल्याला माहीत होतं, याला मात्र पुरावा नव्हता. सरकारी साक्षीदार असलेल्या चहावाल्याने दोघांना एकत्र चहा पिताना पाहिलं, एवढंच सांगितलं. उलटतपासणी न घेता मी खाली बसायला हवं होतं. मी विचारलं, “म्हणजे ते काय बोलत होते ते तुम्ही ऐकलं नाही?”

“ऐकलं ना साहेब. भाचा सांगत होता, मावशी गणपतीला गावी जाते, घर बंद असतं. पोलिसांनी विचारलंच नाही.”

कोर्ट हसलं. मागच्या बाकावरची किल्लीवाल्याची बायको तेवढी हसली नाही. सरांनी मान खाली घालून एक पिन अडकवली.

त्यानंतर सर कोर्टात यायचे थांबले. “शेवटचा युक्तिवाद तूच कर,” म्हणाले. मला ती शिक्षा वाटली. दर शुक्रवारी सर गायब. म्हात्रे म्हणायचे, “हायकोर्टात गेलेत,” आणि सरांचा काळा कोट तर समोर खुंटीला लटकलेला. पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं. तीस वर्षांत ऑफिसचा जिना न चढलेल्या काकू, सरांच्या मिसेस, रोज मऊ भाताचा डबा घेऊन यायला लागल्या. हे सगळं मी बघत होतो, हे विशेष. बघून रुसलो होतो. सर शेवटचे आले त्या दुपारी म्हणाले, “ये, दोन घास खा.” मी फाइलमधून मान न उचलता म्हटलं, “वेळ नाही, सर.”

“बरं,” म्हणाले... एवढंच.

पुढच्या शुक्रवारी मी युक्तिवाद केला. भाचा बोलला, पण किल्लीवाला त्यावर काय म्हणाला हे साक्षीदार सांगत नाही. कानावर पडलं म्हणजे सामील झाला, असं होत नाही. एवढं बोललो आणि चक्क खाली बसलो. सांगायला कोणाला जाणार, रुसलो होतो ना. दुसऱ्या दिवशी म्हात्रेंचा फोन.

गेल्या आठवड्यात किल्लीवाला निर्दोष सुटला. व्हरांड्यात त्याच्या बायकोने विचारलं, “ते मोठे वकील कुठेत?” मी म्हटलं, “आज आले नाहीत.” का म्हटलं, माहीत नाही.

काल काकूंबरोबर ऑफिस आवरायला गेलेलो. त्या टेबलाशी बसून मी पिना अडकवत गेलो. शुक्रवार, कोट, पट्टा, भात, म्हात्रेंची थाप. साखळी कुठेच तुटत नव्हती. काकू बघत होत्या.

“केस होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, असं ह्यांनीच बजावलेलं,” त्या म्हणाल्या. “कोर्टात उभा राहून रडेल म्हणाले.”

“म्हणजे तिघांचा कट. आणि सगळं असं उघड्यावर? मी विचारीन अशी भीती नाही वाटली?”

“म्हात्रे घाबरलेले,” खुंटीवरचा कोट काढून घडी घालत काकू म्हणाल्या. “हे म्हणाले, निर्धास्त राहा. विचारायला हवं असतं, तेव्हा तो कधीच विचारत नाही.”