टाकीतलं तण

नांदेडात बसून समुद्र पाळायचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हैदराबादला एका दुकानात खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली, तिच्यात प्रवाळ हलत होतं आणि नारंगी पट्ट्यांचे दोन मासे त्यातून ये-जा करत होते, एवढंच आठवतं. विष्णुपुरीला एवढी गोदावरी अडवून ठेवलेली, आणि मी मात्र आरओच्या पाण्यात विकतचं मीठ कालवून ड्रम भरायला लागलो. बायको धर्माबादच्या शाळेत शिकवते, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करते. टाकीतल्या कशालाही मी हात लावणार नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

मग अक्का आली. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, पुढं मला तिनंच वाढवलं. लातूरला भावजी वारले, त्यांना मूलबाळ नव्हतं, घर सुनं झालं. दिवस झाल्यावर मी तिला घेऊन आलो, ते तिच्या म्हणण्याप्रमाणे तीन आठवड्यांसाठी. एकच बॅग आणली होती, ती तिनं पलंगाखाली सरकवून ठेवली. आंघोळीला जाताना त्यातूनच पातळ काढायची आणि वाळलेलं घडी करून परत त्यातच ठेवायची. मी कपाटाचा एक खण तिच्यासाठी रिकामा करून दिला होता, तो रिकामाच राहिला. तिनं कायमचं राहावं असं मला फार वाटत होतं. पण ज्या बहिणीनं आपल्याला शाळेत घातलं, तिला हे तोंडानं कसं सांगतात, ते मला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवसांत टाकीतल्या एका दगडावर फूल उगवलं. तपकिरी, काचेसारखं आरपार दिसणारं, बोटाच्या पेराएवढं. पाण्याच्या लाटेबरोबर त्याच्या बारीक पाकळ्या हलायच्या. दगड हैदराबादहून आला होता, त्याच्याबरोबर हे समुद्रफूल फुकटात आलं म्हणून मी हरखलो आणि ड्रॉपरनं त्याला खाऊ घातलं. महिन्याभरात त्याची नऊ झाली. शेजारचं हिरवं प्रवाळ, ज्याच्यावर माझा जीव, ते आक्रसून बसायला लागलं. मला वाटलं, त्याला उजेड कमी पडतोय. मी दिवा वाढवला, तशी फुलं आणखी टवटवीत झाली.

शेवटी फोटो काढून गावातल्या मासेवाल्याला दाखवला. त्यांचं घराणं किती पिढ्यांपासून त्याच गल्लीत आहे, आधी कंदील दुरुस्त करायचे, मग सायकली, आता शोभेचे मासे विकतात. माणूस मोजकं बोलतो. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “सर, हे फूल न्हाई, तण हाय. शेजारच्याला डंख मारून मारतंय. उपटायच्या भानगडीत पडू नका, तुकडा ऱ्हायला की तिथं नवं येतंय.”

फार गर्दी झाली म्हणून मी आदल्याच दिवशी चिमट्यानं चार उपटली होती. ते मी त्याला सांगितलं नाही.

औषध त्यानंच सांगितलं. चुना. पातळ कालवून सिरिंजमध्ये घ्यायचा आणि फुलाच्या तोंडाशी थेंबभर सोडायचा. असा चुना कुठं मिळतो हे मी घरी विचारत होतो, तर अक्कानं कनवटीची डबी काढून पुढं केली. ती पान खाते. चुना चालला. दर रविवारी सकाळी मी पंप बंद करायचा, एकेका फुलाला चुना पाजायचा. ते भुकेनं गिळायचं आणि आक्रसून मरायचं. मग बारीक नळीनं तो चोथा पाण्यासकट बादलीत ओढून घ्यायचा, बादली मोरीत ओतायची आणि ड्रममधलं तेवढंच नवं खारं पाणी टाकीत घालायचं. शेवटची दोन कामं अक्कानं मागून घेतली. नुसतं बसून खाणं तिला जड जात होतं. ड्रममध्ये मीठ कालवायचंही तिच्याकडंच गेलं. दर शनिवारी जायचं नाव काढणारी अक्का आता म्हणायला लागली, “तुझी ही घाण संपली, की जाते.”

घाण संपेना. दर रविवारी दहा मारावीत तर पुढच्या रविवारी वीस दिसायची. दगडावर, काचेवर, पंपाच्या नळीत, जिथं कधी काही नव्हतं त्या कोपऱ्यात. माझं डोकं चालेनासं झालं. मासेवाल्यानं उलटंच औषध दिलं असावं, असं वाटून मी त्याच्याशी फोनवर वाकडं बोललो. बायको माझ्यामागं टाकीत काही टाकते का, हेही विचारून पाहिलं. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. वहीत मी मोजणी लिहीत होतो, ती बंद केली. एकच गोष्ट चांगली चालली होती. मिठाची पिशवी पूर्वी दीड महिन्यात संपायची, ती चौथ्या महिन्यातही अर्धी होती. अक्काच्या हाताला बरकत आहे, असं मी बायकोला मुद्दाम ऐकवलं. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करतो, मुलांना मोजमापं शिकवतो, हे इथं नमूद केलेलं बरं.

एका रविवारी चुना पाजून मी आंघोळीला गेलो आणि टॉवेल विसरला म्हणून परत आलो. अक्का टाकीसमोर पाटावर बसली होती. दुसऱ्या एका बादलीच्या तोंडाला तिनं भावजींच्या जुन्या धोतराचं फडकं बांधलं होतं आणि घाण पाणी त्यातून गाळत होती. मग ते गाळलेलं पाणी तांब्या-तांब्यानं टाकीत परत. नव्या पाण्याचा ड्रम झाकण लावून काठोकाठ भरलेला. थेंब खाली सांडू नये म्हणून तिनं तांब्याखाली तळहात धरला होता. मी टॉवेल न घेताच मागं फिरलो.

अक्का लातूरची. लातूरला पाणी रेल्वेनं यायचं त्या उन्हाळ्यात ती परातीत बसून आंघोळ करायची, त्या पाण्यानं फरशी पुसायची आणि पुसलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची. मी तेव्हा नांदेडहून दोन कॅन भरून घेऊन गेलो होतो, तर तिनं मला पाय धुवायलाही पाणी दिलं नव्हतं, ओलं फडकं दिलं होतं. तिच्या हातात भरली बादली देऊन मोरीत ओत म्हणणारा शहाणा मीच. फडक्यातून मोठा चोथा अडत होता, बारीक कण खाली उतरत होते. मी रविवारी सकाळी तण काढत होतो आणि मी आंघोळ करेपर्यंत अक्का ते पुन्हा पेरत होती.

सगळा उलगडा झाला आणि मी जास्तच गोंधळलो. सांगावं, तर ह्या घरातलं तिचं एकुलतं काम तिच्याकडून काढून घ्यावं लागणार, आणि ती बॅग उचलणार. न सांगावं, तर प्रवाळ मरणार. दोन रविवार मी बादली स्वतः उचलायला धावलो, दोन्ही वेळा ती आधी पोचली. तिसऱ्या रविवारी माझा तोल गेला आणि जे हळू सांगायचं ते मी मोठ्यानं सांगून बसलो. टाकी, तुकडे, फडकं, सगळं. बोलता बोलता मलाच लाज वाटायला लागली.

तिनं हात पदराला पुसले. चार महिने का सांगितलं नाही, असं विचारलं. मला कळलंच नव्हतं, असं मी म्हणालो, आणि ते बरंचसं खरं होतं.

“चांगलं पाणी व्हतं रे ते,” ती म्हणाली. “नुसतं खारट.”

मग ती उठून खोलीत गेली. पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग चेनचा. मी भरल्या बादलीपाशी उभा राहिलो. मला भीती वाटत होती, सातव्या वर्षी वाटली होती तशीच, आणि आत जावं की नाही ते ठरत नव्हतं. ती बाहेर आली ती डोळ्यावर चष्मा लावून. हा चष्मा मी नांदेडात कधी पाहिला नव्हता.

“मोरीत तू ओत,” ती म्हणाली. “मी तिकडं बघते.”

मी ओतलं. पाणी जाईपर्यंत ती भिंतीकडं तोंड करून उभी होती.

त्यानंतर ती चष्मा लावून टाकीसमोर बसायला लागली. कुठं काय उगवलंय ते ती बोटानं दाखवायची आणि मी सिरिंज न्यायचो. तिची नजर माझ्याहून बारीक निघाली. वीसची बारा झाली, बाराची पाच. हिरवं प्रवाळ आधी अर्धं आणि मग पूर्ण उघडलं. मीठ पूर्वीसारखं भराभर संपायला लागलं. मासेवाल्याची मी माफी मागितली. बॅग पलंगाखाली होतीच, आणि जसजशी फुलं कमी होत गेली तसतसा मी रविवारी उशिरा उठायला लागलो.

मग एका रविवारी चुना कालवून बसलो आणि मारायला काही सापडेना. दगड पाहिले, काच पाहिली, पंपाची नळी काढून पाहिली. शेवटी मी म्हणालो, की काही दिसत नाही, संपलं वाटतं.

अक्कानं चष्मा पदरानं पुसून परत लावला आणि ती काचेला नाक टेकवून बराच वेळ आत पाहत राहिली.

“त्या मागच्या दगडाखाली एक हाय,” ती म्हणाली. “लई बारीक हाय अजून. मोठं झालं की बघू.”

मी बॅटरी लावून वाकून पाहिलं. दगड वरून, खालून, सगळीकडून स्वच्छ होता.

“हाव,” मी म्हणालो, “हाय की एक.”